वाकळेचा उपाशी कोपरा

शाळेत कुणी पाहुणा आला की आमचे मुख्याध्यापक माझी ओळख करून देतात, "या आमच्या मॅडम. गणित शिकवतात. आणि यांना हातशिलाईचा फार छान छंद आहे." छंद! माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. छंद म्हणजे तिकिटं जमवणं. छंद म्हणजे पोट भरल्यावर करायची गोष्ट. मी हातातली सुई तेवढी जरा जोरात ओढते.

आळंदच्या मराठी शाळेत मला आता बरीच वर्षं झाली. वर्गातली निम्मी पोरं घरी कानडी बोलतात, उरलेली दखनी, आणि मराठी पोरांना तिन्ही येतात. या शाळेतल्या कुणाच्याही घरी बाळ झालं तर त्याच्या डोक्यावर पहिली कुंची माझ्या हातची असते. बदली झाली तर बटवा, रिटायर झाले तर तोरण. काचेचं बदक आणून, रंगीत कागदात गुंडाळून, "घ्या" म्हणून मोकळं व्हायला मला जमत नाही. भेट द्यायची तर तिच्यात आपलं बोट एकदा तरी टोचलेलं असावं. आता हे माझं मत झालं, पटत नसेल तर बदक घ्या.

पण कुंच्या, बटवे हे सगळं हात साफ ठेवण्यापुरतं. खरं काम वाकळेचं. पुस्तकात तिला गोधडी म्हणतात, शेजारच्या कानडी अक्का कौदी म्हणतात, आम्ही वाकळ म्हणतो. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक घालून, दाभणानं आणि जाड दोऱ्यानं टाके घालत जायचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीला ओळ लावून. मला हे मायनं शिकवलं, माहेरी राजेश्वर गावात, आमच्या दोन खोल्यांच्या घरापुढं, बाभळीच्या सावलीत.

मायचे नियम दोनच. पहिला असा, की आपल्या वाकळेत दुसऱ्याच्या घरची चिंधी घालायची नाही. आपल्या माणसानं अंगावर घातलेलं, आपल्या कष्टानं आलेलं तेवढंच कापड. लहानपणी एकदा शेजारणीनं सुरेख जरीचा तुकडा दिला होता. मी तो वाकळेवर ठेवून बघत होते. मायनं तो उचलला आणि शेजारणीला नेऊन दिला. वर मला म्हणाली, "आपण मागून आणलेलं पांघरायलोत का? न्हाई ना? मग?"

तेव्हा मला राग आला होता. पुढं कळलं तो नियम माझ्या आजीचा, म्हणजे मायच्या सासूचा. आजीची सारी उमर मोठ्या घरच्या उतरलेल्या लुगड्यांत गेली होती. काम करायचं, आणि सणावाराला त्यांचं विटलेलं लुगडं हात पसरून घ्यायचं, तेही लांबून टाकलेलं. गावातल्या आपल्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आजीनं आयुष्यात पहिल्यांदा कोरं लुगडं विकत घेतलं, पांढरं. ते नेसून दीक्षा घेतली. आणि घरातली सगळी उतरलेली लुगडी एका गाठोड्यात बांधली, मोठ्या घरच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "मोजून घ्या, समदी हायत." एवढंच बोलून परत आली. त्या एका वाक्याबद्दल तिला किती महिने त्या शेतात काम मिळालं नाही, ते माय सांगायची. पण सांगताना हसायची.

दुसरा नियम मायचा स्वतःचा. वाकळ सगळी शिवून झाली तरी एक कोपरा वीतभर उघडा ठेवायचा. ज्या दिवशी ती घराबाहेर पडणार, पोरीबरोबर सासरी नाहीतर पोराबरोबर परगावी, त्या दिवशी सकाळी त्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायचा आणि मग तोंड शिवायचं. वाकळ उपाशी गेली तर पांघरणारा उपाशी राहतो, असं तिचं म्हणणं.

अंधश्रद्धा? असेल. आम्ही असल्या गोष्टी सोडून दिलेली माणसं, आणि मी तर गणिताची बाई. वाकळेला पोट नसतं हे मला चांगलं कळतं. पण ज्या बाईनं रात्री पोरांना वाढून स्वतः पाणी पिऊन झोपायचं, तिनं पोराबरोबर पाठवायला एक तुकडा कापडात लपवून ठेवला, तर तिला अडाणी म्हणायचा अधिकार मी कुणाला देत नाही.

या भाकरीनंच घात केला. माझा मोठा भाऊ, आमचा अण्णा, आठवीत असताना गुलबर्ग्याच्या हॉस्टेलात राहायला गेला. आमच्या घरातून शिकायला बाहेर पडलेला पहिला माणूस. मायनं त्याच्यासाठी वाकळ शिवली. स्वतःची लुगडी, बाबांचं धोतर, आणि वरच्या बाजूला मधोमध अण्णाच्याच जुन्या खाकी चड्डीचा तुकडा. निघायच्या दिवशी ताज्या भाकरीचा चांगला चतकोर तुकडा तिनं कोपऱ्यात घातला. लांब चालला होता ना, म्हणून जास्त.

हॉस्टेलातल्या उंदरांना तो वास चार दिवसांत लागला. रात्रीतून कोपरा कुरतडून आरपार. सकाळी पोरांनी बघितलं, भाकरीचा चुरा बघितला, आणि झालं! "ह्याची वाकळ भाकरी खाती रे!" पोरं ती, आपल्याच आयांच्या वाकळा पांघरणारी, पण एक सापडलं की बाकीचे सुटतात. वर्षभर त्याला "वाकळ्या" म्हणत होते. दिवाळीच्या सुट्टीत अण्णा घरी आला आणि बॅगेतून ती वाकळ काढून मायच्या पुढ्यात फेकली. "असल्या चिंध्या मला देत नको जाऊ," म्हणाला. "लोक हसायलेत. विकतची चादर घेऊन दे."

माय दुसऱ्या दिवशी हुमनाबादच्या बाजारातून निळ्या चौकड्यांची चादर घेऊन आली. आणि दाभण भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं. त्यानंतर तिनं वाकळ शिवली नाही. मला मात्र शिकवायची. शेजारी बसून सांगायची, टाका चुकला की बोटावर टिचकी मारायची, पण स्वतः दाभण हातात घेतलं नाही. मी एकदा विचारलं, "कामून न्हाई शिवत, माय?" तर म्हणाली, "डोळे दुखायलेत." तेव्हा तिचे डोळे ठणठणीत होते. आता खरोखर दिसत नाही.

माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मायनं माझ्याकडं एकच मागणं केलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरीला वाकळ शिव. आणि ती रुखवतात मांड, समद्यांच्या पुढं. घडी घालून पेटीत कोंबू नको. मला एकदा बघायचंय, हात फिरवून का होईना, आपली वाकळ मानानं टांगलेली." रुखवत म्हणजे मुलीच्या हातच्या, आईच्या हातच्या वस्तू मांडवात पाहुण्यांना दाखवायला मांडतात ते. मी म्हटलं, "टांगीन." शब्द दिला.

दीड वर्ष शिवली. आजीच्या पांढऱ्या लुगड्याचा पदर मायनं जपून ठेवला होता, तो मध्ये. तुरीच्या राशीवर मजुरी करून मायनं बसवकल्याणच्या बाजारातून आणलेली पहिली हिरवी साडी, ती त्याच्या चारी बाजूंनी. माझ्या पहिल्या पगाराची निळी. लेकीचा शाळेचा युनिफॉर्म. आतल्या थराला काय घालायचं ते मी विचारलं, तर मायनं पेटीच्या तळातून एक वस्तू काढून माझ्या मांडीवर ठेवली. कुरतडलेल्या कोपऱ्याची, अण्णानं फेकलेली वाकळ. "हीच आत घाल," म्हणाली. "तिचा खाकी तुकडा तेवढा काढून वर लाव. पण त्याला सांगू नको. पोरगं लाजंल."

पोरगं! साठीला आलेला, सरकारी इंजिनिअर, मागं-पुढं गाडी असलेला माणूस.

आता अण्णाचं ऐका. लग्न त्यानं मनावर घेतलेलं. भाचीवर जीव, ते मी नाकारत नाही. आळंदमधला सगळ्यात मोठा हॉल त्यानं घेतला, जेवणाचं सगळं त्यानं बघितलं, म्हणून शब्दही त्याचाच चालायचा असं त्याचं ठरलेलं. रुखवत त्यानं गुलबर्ग्याहून तयार मागवलं. थर्माकोलचा दुमजली बंगला, त्याच्या दारात प्लॅस्टिकची गाय, सोनेरी कागदाचे कलश. लग्नाच्या आदल्या दिवशी मी वाकळ दाखवली. त्यानं खाकी तुकडा ओळखला की नाही, मला कळलं नाही. तोंड मात्र आंबट झालं.

"बाई, हे मांडायचं न्हाई," म्हणाला. "उमरग्याचे पाहुणे हायत. शिकलेली माणसं. चिंध्या बघून काय म्हणतील? आपण कुठून कुठं आलोत, आणि तू परत तेच दाखवायलीस?"

"कुठून आलोत तेच दाखवायलेय."

"पेटीत घाल. पोरगी घरी जाऊन पांघरू दे."

मी लेकीकडं बघितलं. ती हैदराबादला नोकरी करते, माझ्यापेक्षा दोन बुकं जास्त शिकलेली. मला वाटलं, ही बोलेल. ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मम्मी, मामा रागावतील. मी नेते ना ती. मांडायची कशाला?" खरं सांगते, अण्णाचं बोलणं मला लागलं नाही एवढं ते लागलं. त्या रात्री मी वाकळेची घडी घालून ठेवली, पण पेटीत नाही. मायला मात्र काहीच सांगितलं नाही. तिनं सकाळसाठी भाकरी करून घेतली होती, उशाशी फडक्यात बांधून ठेवली होती.

सकाळी हॉलवर पहिली मी. लग्नाआधीच्या वंदनेला अजून तास-दीड तास होता, पाहुणे यायला लागले होते. पदर खोचला, आमच्या यांना बरोबर घेतलं, दोन खांबांना दोरी बांधली. थर्माकोलचा बंगला गाईसकट टेबलाखाली गेला. दोरीवर वाकळ टांगली, खालचा उजवा कोपरा उघडा, त्यात दोऱ्यासकट दाभण टोचून ठेवलेलं. हे म्हणाले, "मेहुणे पेटतील." मी म्हटलं, "पेटू द्या. विझवायला मी हाय."

अण्णा सूट घालून आला. बघितलं, आणि सरळ माझ्याकडं. आवाज खाली, दात आवळलेले.

"काढ ते."

"काढणार न्हाई."

"मी काढतो."

"तू एकदा फेकलीस, अण्णा. दुसऱ्यांदा फेकायची असेल तर मायच्या पुढं फेक. ती बघ बसलीय."

माय समोरच्या रांगेत खुर्चीवर बसली होती, पांढरी साडी, मांडीवर भाकरीचं फडकं. तिला दिसत नव्हतं, पण वाकळ टांगलीय हे मी कानात सांगितलं होतं, आणि ती त्या दिशेनं तोंड करून बसली होती. अण्णाचा हात दोरीपर्यंत गेला होता, तो तिथंच राहिला.

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आत्या आली. उमरग्याची, गळ्यात मोठी पोत, बोलायला फटकळ. रुखवत बघायला दहा-बारा बायका मागं. वाकळेपुढं उभी राहिली, चष्मा पुढं घेतला आणि म्हणाली, "काय हो विहीणबाई, कुणाकुणाच्या घरच्या चिंध्या गोळा केल्या?"

कुणाकुणाच्या घरच्या. सगळ्या जगात तिला हाच प्रश्न सापडला. प्रश्न कुठं बोचतो ते मागच्या बायकांनाही माहीत होतं. आमच्यातल्या प्रत्येक घरात एक आजी असते, आणि प्रत्येक आजीचं एक उतरलेलं लुगडं असतं.

मी वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. "कुणाच्याच न्हाई. एकही चिंधी दुसऱ्याच्या घरची न्हाई. हे पांढरं माझ्या आजीचं, दीक्षेला नेसली ते. तिच्या पैशाचं पहिलं कोरं लुगडं. हे हिरवं माझ्या मायनं तुरीच्या राशीवर राबून घेतलं. ही निळी माझ्या पहिल्या पगाराची. हा तुमच्या सुनेचा युनिफॉर्म, हा घालून ती तालुक्यात पहिली आली. दुकानात हे मिळत न्हाई, आत्याबाई. मिळालं तर मला सांगा."

आत्यानं बोट पुढं केलं. "आणि ही खाकी?"

मायनं बजावलं होतं, पोरगं लाजंल. बाबांची म्हणावं असं मनात आलं, तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"ती माझी," अण्णा म्हणाला. "चड्डी हाय. हॉस्टेलात जायच्या आधीची."

एक-दोन पोरी फिसकन हसल्या. अण्णा हसला नाही. टाय नीट करायची त्याला सवय आहे, ती त्यानं केली, आणि वाकळेजवळ गेला. आत्या त्या पांढऱ्या तुकड्यावरून हात फिरवत राहिली.

समोरून मायचा आवाज आला. "तोंड शिवायचं राहिलंय. कोण हाय तिकडं? भाकरी घाला."

मी जाणार होते. अण्णा आधी गेला. मायनं फडक्याची गाठ सोडली, चाचपून तुकडा मोडला, आणि समोर कोण आहे ते हात धरूनच तिला कळलं. मग तिनं तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "तूच घाल," म्हणाली.

"माय," अण्णा म्हणाला, "उंदीर लागतील की."

"लागू दे. उंदरालाबी पोट असतंय."

त्यानं उघड्या कोपऱ्यात हात घातला आणि बाहेर काढेना. मला वाटलं दाभण टोचलं. मग त्यानं कडा उलटून आत बघितलं. आत जुनी वाकळ होती. कुरतडलेला कोपरा मी बरोबर त्याच कोपऱ्यात ठेवला होता, दातांच्या खुणांसकट.

"ही तीच हाय का?"

"व्हय," मी म्हटलं.

"टाकली न्हाई हिनं?"

"तू टाकलीस. तिनं उचलली."

हे मी बोलायला नको होतं, असं हे नंतर म्हणाले. मला अजूनही वाटतं, बोलायलाच हवं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं माय "डोळे दुखायलेत" म्हणत होती. कुणीतरी कधीतरी सांगायला नको?

अण्णानं भाकरी आत ठेवली. दाभण मी घेते म्हटलं तर माय म्हणाली, "त्याच्याच हातात दे." गुलबर्ग्याहून आलेले त्याचे ऑफिसचे लोक, उमरग्याचे पाहुणे, फोटो काढणारा, सगळे बघत होते. एवढा मोठा साहेब सूट घालून खाली जमिनीवर बसला आणि दाभण धरलं, पेन धरतात तसं. मी शिकवायला गेले नाही. टाके लांब, वाकडे, एक तर दुसऱ्यावर चढलेला. सातव्या टाक्याला दोरा संपला. गाठ त्याला मारता येईना, ती माझ्या लेकीनं मारली. नवरीच्या पांढऱ्या साडीत येऊन, त्याच्या शेजारी बसून. मग उठून तिनं थर्माकोलची गाय पायानं आणखी आत सारली, ते मी बघितलं.

मायची खुर्ची वाकळेजवळ सरकवली, तिनं कोपऱ्यावरून बोटं फिरवली. टाका चुकला की ती टिचकी मारते, तसं तिनं अण्णाच्या बोटावर मारलं. सात वेळा. आणि मग त्याचं ते बोट हातात धरून बसली, वंदना सुरू झाली तरी सोडलं नाही.

आता वाकळ उमरग्यात आहे. लेक-जावई सुट्टीला तिथं आले की तीच पांघरतात. परवा विहीणबाईंचा, म्हणजे जावयाच्या आईचा, फोन आला. त्या सकाळी त्या नवऱ्या मुलाबरोबर मागून पोचल्या होत्या. भल्या बाई आहेत, हाताला चळवळ. म्हणाल्या, "वाकळ फार सुंदर शिवलीत हो. एका कोपऱ्यातले सात टाके तेवढे वाकडे गेलेत. उसवून नीट घालू का?"

मी म्हटलं, "विहीणबाई, हात लावून तर बघा."